गोऱ्या फोटोंचं दुकान

आमच्या घरात पाण्यावरून भांडणं व्हायची ती फोटोंपायी. कवठे महांकाळात उन्हाळा लागला की प्यायच्या पाण्यासाठी विहिरीवर रांग लागायची, आणि नेमकं तेव्हाच अब्बांना पाणी हवं असायचं, तेही गार आणि मुबलक. फिल्म काय किंवा फोटोचा कागद काय, रसायनातून काढल्यावर पुष्कळ पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत पिवळा पडतो. अम्मी डोक्यावरून हंडा आणायची आणि तो खाली टेकायच्या आत अब्बा बादली घेऊन हजर. "आवं, माणसं तानेली ठिवून कागदांस्नी आंगूळ घालताय व्हय?" अम्मी विचारायची. अब्बा म्हणायचे, "माणूस दोन घटका तान काढंल. फोटो पिवळा पडला तर गिऱ्हाईक गावभर बोंब मारंल." मग अम्मी बोलत बोलतच अर्धा हंडा बादलीत ओतायची. घरात आम्ही दखनी आणि मराठीची खिचडी बोलत असू, पण भांडण रंगात आलं की दोघंही शुद्ध महांकाळी मराठीवर यायचे. मीही इथं तेच लिहिते आहे, कारण मला त्यांची भांडणंच जास्त आठवतात.

स्टुडिओ पुढं एस.टी. स्टँडकडं तोंड करून, मागं आमच्या दोन खोल्या, आणि मध्ये डार्करूम. पूर्वी तिथं ज्वारीची कोठी होती म्हणे. खिडकीला आतून फळ्या ठोकून वर काळं कापड मारलेलं, छताला रंगवलेला लाल बल्ब, आणि त्या सगळ्याला हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, आंबूस वास. पाहुणे जेवायला बसले की हमखास कुणीतरी विचारायचं, "लोणचं नासलं काय?" शेजारच्या पिठाच्या गिरणीची धडधड दिवसभर भिंतीतून यायची, तिच्यात कंडक्टरची घंटी आणि दुपारच्या अजानचा आवाज मिसळायचा. अब्बांची बोटं चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरनं कायमची तपकिरी झालेली. त्या बोटांनी ते भाकरी मोडायला लागले की अम्मी लिंबाची फोड पुढं सरकवायची. ते बोटांना चोळायच्या ऐवजी ती शेंगदाण्याच्या चटणीवर पिळायचे. हे रोजचं होतं आणि रोज तिला राग यायचा.

अब्बांचं नाव होतं ते मुली गोऱ्या करण्यासाठी. लग्नाला आलेल्या मुलीचा फोटो रसूलभाईंकडं काढायचा, असं जतपासून मिरजेपर्यंत सगळ्यांना ठाऊक. लोक आमच्या दुकानाला गोऱ्या फोटोंचं दुकानच म्हणायचे आणि अब्बांना त्याचा अभिमान होता. त्यांची रीत साधी होती. मागं पांढरा पडदा, तोंडाला पावडर, समोर दोन मोठे दिवे, आणि लेन्सच्या कडीवर जे आकडे असतात, त्यांना आम्ही घरं म्हणायचो, ती कडी नेहमीपेक्षा एक घर जास्त उघडायची. उजेड जास्त शिरला की निगेटिव्ह जास्त काळी होते, आणि निगेटिव्हवर जे काळं ते फोटोत पांढरं. म्हणजे फोटोत गोरं व्हायचं तर आधी निगेटिव्हवर काळं व्हावं लागतं. त्यातून काही उरलंच तर अब्बा निगेटिव्हच्या पाठीवर बारीक पेन्सिल फिरवायचे, गालाचे खळगे भरायचे, नाकाचा शेंडा ओढायचे. मुलगी तयार. ती मुलगी आणि तो फोटो शेजारी ठेवले तर चुलत बहिणी वाटतील इतपतच साम्य राहायचं.

मी अम्मीवर गेले. अम्मी काळी, मी तिच्याहून अर्धी छटा काळी, आणि तोंडानं दोघी सारख्याच तिखट. डार्करूममध्ये मी लहानपणापासून घुसले ते ज्ञानाच्या ओढीनं वगैरे नाही. उन्हाळ्यात घरात तेवढीच एक जागा गार असायची म्हणून. पण अंधारात हात शिकत गेले. फिल्म डब्यात भरणं, रसायन कालवणं, कागद ताटलीतून ताटलीत नेणं, हे सगळं अब्बांनी मला शिकवलं आणि कौतुकानं शिकवलं. आत मी काय करते ते कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळं कुणी काही म्हणतही नव्हतं. कॅमेऱ्याला मात्र हात लावायचा नाही. पुढं गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं ते अब्बांनीच. मॅट्रिक झाल्यावर मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "पोरीच्या जातीनं कुणाच्या तोंडाकडं टक लावून बघायचं नसतं." मी म्हटलं, "मग तुमी लोकांच्या पोरींच्या तोंडाकडं कसं बघता?" त्या दिवशी मला जेवण अम्मीनं डार्करूममध्ये आणून दिलं.

आज सांगलीत माझ्या नातीच्या फोनमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की तिचा सावळा रंग जातो, नाक सरळ होतं, हनुवटी टोकदार होते. ती म्हणते, "आजी, तुझाही काढू?" मी म्हणते, "माझा काढून झालाय." तिला वाटतं म्हातारी कुरकुरते आहे. कुरकुरतेच आहे. तेव्हा तरी या कामाला एक माणूस, दोन दिवे आणि पेन्सिल लागायची. आता तेवढीही मेहनत नको.

तर मॅट्रिकनंतरच्या एका उन्हाळ्यात जैनबफुपी साताऱ्याहून आली. अब्बांची थोरली बहीण. येताना मेढ्याच्या बाजारातला तांदूळ घेऊन आली आणि तांदळाच्या मागोमाग स्थळ. मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात फिटर, घर साताऱ्यात, बाप नाही, आई कर्तबगार. "पोरगं लय गुणाचं हाय, रसूल," फुपी सांगत होती. "पान न्हाई, बिडी न्हाई. आईच्या शब्दाभाईर न्हाई. तिची बी काय अट न्हाई म्हन. हुंडा न्हाई, मानपान न्हाई. फकस्त…" एवढं म्हणून ती चहा प्यायला लागली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनी खोड. शेवटी अम्मीनंच विचारलं, "फकस्त काय, आपा?"

"सून जरा उजळ पायजे म्हनती."

सगळ्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग अब्बांकडं. अब्बा म्हणाले, "फोटो देतो की." किराणा दुकानदार तांदूळ देतो म्हणतो तसं म्हणाले. ठरलं असं की फोटो काढायचा, फुपी परवा दुपारच्या गाडीनं तो साताऱ्याला नेणार, आणि मुलाच्या आईला पसंत पडला तर ते बघायला येणार. मला कुणी काही विचारलं नाही. त्या स्थळाशी मला लग्न करायचं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्या मुलाला कधी पाहिलंच नाही.

अम्मीनं माझ्या तोंडाला पावडर लावली. आरशात पाहिलं तर भाकरी थापताना पिठात पडलेल्या हातासारखी दिसत होते. मला पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं, दोन्ही दिवे लावले, आणि अब्बा कॅमेऱ्यावर वाकले. इतकी वर्षं मी त्यांना इतरांचे फोटो काढताना बघत आले होते, समोर बसले ती पहिल्यांदाच. दिव्याखाली अंधार म्हणतात ते खोटं नाही; फोटोग्राफरच्या घरात माझा शाळेतल्या घोळक्याशिवाय एक फोटो नव्हता. आणि बसल्यावर मला कळलं की अब्बा माझ्याकडं बघतच नाहीत. ते कडीकडं बघत होते. एक घर सरकवलं, थांबले, मान हलवली, दुसरं सरकवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिसरंही सरकवलं. लोकांच्या मुलींना एक घर पुरत होतं. स्वतःच्या मुलीला त्यांनी तीन दिली.

त्यात मे महिना. डेव्हलपर गार ठेवायला आम्ही गारेगारवाल्याकडून बर्फ घ्यायचो, आणि तो त्या दिवशी कुठल्याशा जत्रेला गेलेला. अब्बांनी कोमट रसायनातच फिल्म धुतली. गरम रसायन फिल्मला आणखी काळी करतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं; पण घाईत माणूस स्वतःचं शिकवलेलंही विसरतो. फिल्म दोरीला लावली तर डांबराची पट्टी लोंबत असावी तशी. उजेडाकडं धरली तरी आरपार काही दिसेना. अब्बांनी तरीही एक कागद छापून बघितला. फोटो मोठा करायच्या यंत्राखाली उजेड कितीही वेळ दिला तरी चेहरा आणि पडदा वेगळे होईनात. कोऱ्या कागदावर दोन डोळे आणि वेणीची एक रेघ, एवढंच आलं. फुपीनं तो ओला कागद हातात घेऊन बराच वेळ निरखला आणि म्हणाली, "डोळं मातूर मोठं हायत पोरीचं."

अम्मीला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. अब्बा हसले नाहीत. त्यांनी कागद चुरगाळला. "जाड झाली निगेटिव्ह. लय जाड. मेहरून, सकाळी ऊन चढायच्या आत पुन्यांदा बसू."

"मी बसणार न्हाई," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाई बसणार. काढलाय न्हवं फोटो? ह्याच फिल्ममदनं काढा."

"हिच्यात काय हाय? नुसतं डांबर हाय."

"हिच्यात मी हाय, अब्बा. वर डांबर तुमी वतलंय."

आमच्या घरात अब्बांना असं कुणी बोलत नव्हतं. फुपीनं तोंडाला हात लावला. मला राग होता आणि तो मी आजही मागं घेत नाही. मुलाकडच्यांनी मला नको म्हणावं, हवं म्हणावं, पण ते मला बघून म्हणावं, एवढंच माझं म्हणणं होतं. त्या दोन डोळ्यांच्या कागदाला कुणी पसंत केलं असतं तर उद्या नांदायला मी कुठून जाणार होते? अब्बा माझ्याकडं बघत राहिले, मग कपाटाच्या वरच्या फळीकडं बोट करून म्हणाले, "लय शानी झालीस न्हवं? ते हाय औषध. उतरीव तूच." मी धजणार नाही असं त्यांना वाटलं असावं. पण त्यांनी उतरीव म्हटलं आणि मी ते धरून ठेवलं.

निगेटिव्ह उतरवणं म्हणजे तिच्यावरची जास्तीची काळोखी विरघळवून काढणं. त्याला फेरीसायनाइडचे लालसर खडे लागतात. ते पाण्यात विरघळवायचे, त्यात हायपोचं पाणी घालायचं, की लिंबाच्या सरबतासारखं पिवळं पाणी तयार होतं. त्यात निगेटिव्ह बुडवली की काळोखी हळूहळू सुटते. हे पाणी थोडाच वेळ जिवंत राहतं, मग मरतं, पुन्हा ताजं करावं लागतं. अब्बा ते फार कमी वापरायचे, कारण त्यांना त्याची भीती वाटायची. "हे औषध फुडं जातं, मागं येत न्हाई," असं ते म्हणायचे. एक क्षण जास्त झाला तर काळोखीबरोबर चित्रही जातं आणि हातात कोरी पट्टी राहते. काळी निगेटिव्ह पुन्हा उतरवता येते, कोरी झालेली कुणालाही भरता येत नाही. आणि ते काम भर उजेडात करावं लागतं, कारण निगेटिव्ह क्षणाक्षणाला उजेडासमोर धरून पाहायची असते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली गोष्ट केली ती डार्करूमच्या खिडकीच्या फळ्या काढल्या. अब्बांना न विचारता. खिळे पक्कडीनं उपटले, काळं कापड खाली ओढलं, आणि त्या खोलीत ऊन आलं. भिंतींवर रसायनाचे ओघळ होते, कोपऱ्यात जाळी, आणि गिरणीतल्या पिठाचा बारीक धुरळा उन्हात तरंगत होता. फोटोचे कागद आधीच डब्यात बंद करून ठेवले होते, तेवढी अक्कल मला होती. अम्मीची पांढरी इनॅमलची परात घेतली, तिच्यात पिवळं पाणी केलं, शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवली. अब्बा दारात येऊन उभे राहिले. आतही येईनात आणि जाईनातही.

अब्बांनी माझे दोन फोटो घेतले होते. आधी मी फिल्मचा तो तुकडा कापून घेतला ज्यात माझे डोळे मिटले होते. तो परातीत सोडला आणि हलवत राहिले. काही होईना, काही होईना, म्हणून वाट पाहत बसले, आणि एकाएकी सगळंच गेलं. बाहेर काढला तेव्हा खिडकीबाहेरची गिरणी त्यातून स्वच्छ दिसत होती.

"गेली न्हवं?" दारातून आवाज आला.

"गेली. आता कळलं कवा काढायची ते."

मग पाणी ओतून दिलं, पातळ आणि ताजं केलं, आणि चांगला तुकडा घेतला. त्याच्यात मी सरळ समोर बघत होते. एक बुडी द्यायची, हलवायची, साध्या पाण्यात खळाळायची, खिडकीकडं धरायची. पुन्हा बुडी. पहिल्यांदा कपाळ आणि पडदा यांच्यामध्ये एक कड उमटली, शिवण उसवल्यासारखी. मग नाकाची बाजू आली, मग जबडा. पावडरीखालचा हनुवटीवरचा देवीचा वण आला तेव्हा मला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. मला तो वण कधीच आवडला नव्हता, त्या दिवशी आवडला.

अब्बा केव्हा आत आले ते कळलं नाही. माझ्या खांद्यावरून निगेटिव्ह बघत होते. "बास," ते हळूच म्हणाले. "हितं थांब. नाकडोळं आलं, आन् रंग बी उजळ ऱ्हायला. ह्याच्यावर झकास फोटो निघंल. काढ भाईर."

धंद्याच्या हिशोबानं ते बरोबर बोलत होते. तिथं थांबले असते तर चेहरा दिसला असता आणि मुलगी गोरी राहिली असती. फुपी खूश, मुलाची आई खूश, अब्बांचं नाव शाबूत. मी निगेटिव्ह पुन्हा परातीत सोडली.

"मेहरून, जाईल ती."

"जाऊ द्या. गेली तर फोटोच न्हाई. पर गोरी होऊन मी साताऱ्याला जाणार न्हाई."

त्यांनी हात पुढं केला, आणि मला वाटलं आता परात उलटी करतात. पण तो हात तसाच राहिला. मी हलवत होते, काढत होते, बघत होते. गाल उतरले, मान उतरली. आणखी एक बुडी, आणि मला कळलं की आता थांबायचं. मी निगेटिव्ह बादलीत घालायला गेले तर बादलीतलं पाणीच पिवळं झालेलं. इतक्या वेळा खळाळून तिच्यात औषध उतरलं होतं. स्वच्छ पाण्यात लगेच धुतली नाही तर औषध हातातल्या हातातही खात राहतं. "अम्मी, पाणी," मी म्हटलं. घरात धुण्याचं पाणी संपलं होतं हे मला ठाऊक होतं.

अम्मी प्यायच्या पाण्याचा हंडा कडेवर घेऊन आली आणि तिनं तो सरळ माझ्या हातांवर ओतायला सुरुवात केली. अब्बा म्हणाले, "अगं, प्यायचं हाय ते."

"ऱ्हाऊ द्या की. दोन घटका तान काढंल मानूस," अम्मी म्हणाली. तिची धार थांबली नाही. ओतता ओतताच ती बोलायला लागली, आणि आवाजही चढवला नाही. "तुमच्या आईनं मला मरस्तवर एकच इचारलं, फोटोतली सून कुठं ठिवली म्हून. पावनं आलं की इचारायची, सणाला इचारायची. मी काय सांगायचं हुतं? तुमी बाजूलाच बसल्यालं असायचा. एक दिस तोंड उघडलं न्हाईसा."

ही गोष्ट मला अर्धीच ठाऊक होती. सांगलीतल्या ज्या स्टुडिओत अब्बा तरुणपणी काम शिकले, तिथं अम्मीच्या वडिलांनी तिला लग्नाच्या फोटोसाठी आणलं होतं. अब्बांनी तिला तिथंच पाहिलं आणि तिच्या निगेटिव्हवर पेन्सिल स्वतःच्या हातानं फिरवली. मग तोच फोटो आपल्या आईपुढं ठेवला. अब्बा खाली मान घालून म्हणाले, "गोरी केली नसती तर आईनं तुला करून घेतली नसती."

"नसती तर नसती," अम्मी म्हणाली. "माझ्या फोटोत मी न्हवते. हिच्या फोटोत हिला असू द्या." हंडा रिकामा झाला. तिनं तो काखेला मारला आणि ती पुन्हा विहिरीकडं गेली.

फळ्या परत ठोकून, निगेटिव्ह वाळवून, मी लाल बल्बाखाली फोटो छापला. अब्बा आत आले नाहीत. डेव्हलपरच्या ताटलीत कागद हलवताना आधी डोळे आले, मग केस, आणि मग हळूहळू करड्या रंगात माझा चेहरा भरत गेला. पडदा पांढरा, आणि त्याच्यापुढं मी काळी, वणासकट, जराशी रागावलेली. फार सुंदर वगैरे दिसत नव्हते. पण दिसत होते.

फुपीनं फोटो बघितला आणि म्हणाली, "बया, ही तर हीच हाय की. हे नेऊ व्हय मी?"

"न्यायचं तर हेच न्या, फुपी. न्हाईतर रिकाम्या हातानं जावा."

"नाकापरीस मोती जड झालाय तुझ्या घरात, रसूल," फुपी म्हणाली. फुपीनं फोटो पिशवीत घातला, कारण रिकाम्या हातानं जाणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

उत्तर घेऊन ती पुढच्या महिन्यात स्वतःच आली. या वेळी तांदूळ नव्हता. ओसरीवर बसली, पाणी प्यायली, आणि फोटो काढून अब्बांपुढं ठेवला. "नको म्हनत्यात. पोरगी लय काळी हाय म्हनली पोराची आई." चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी अम्मी जागची हलली नाही. मला वाईट वाटलं. इथं शौर्य सांगायला मी बसलेली नाही, वाईटच वाटलं. पण त्याच्याच मागोमाग एक गोष्ट मनात आली आणि ती अजून गेलेली नाही. नकार आला होता तो मला आला होता. त्या बाईनं माझा चेहरा हातात धरला होता, वणासकट, आणि नको म्हटलं होतं. जे काही झालं ते माझ्या बाबतीत झालं होतं, कुठल्या पावडर लावलेल्या चुलत बहिणीच्या बाबतीत नाही. पुढं मिरजेच्या एका माणसाशी माझं लग्न झालं. फोटो न मागता तो स्वतःच चालत आला होता, आणि आला तेव्हा मी हायपोनं बरबटलेली होते. पण तो नंतरचा भाग.

फुपी अब्बांना म्हणाली, "आता तरी श्यानपन कर. दुसरा काढ चांगला. तुज्या हातातलं काम हाय."

"न्हाई, आपा," अब्बा म्हणाले. "त्यांनी माझी लेक बघितली आन् नको म्हनले. त्यांचा हक्क हाय. पर खोटी लेक बघून व्हय म्हनले असते, तर मी हिला कुठल्या तोंडानं नांदाय लावली असती?" एवढं बोलून ते उठले आणि दुकानात गेले. अम्मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिली, आणि मग तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तीच निगेटिव्ह यंत्रात घालून दुकानातल्या सगळ्यात मोठ्या कागदावर फोटो छापला. स्टँडच्या बाजूला आमची काचेची शोकेस होती, तिच्यात अब्बांनी घडवलेल्या गोऱ्या मुली ओळीनं मांडलेल्या. मी मधल्या दोघींना बाजूला सरकवलं आणि तिथं माझा फोटो लावला. अब्बा आत गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यांनी पाहिलं, पाहून पुन्हा बोलायला लागले. दुपारच्या नमाजानंतर आमच्यातलेच एक बुजुर्ग शोकेससमोर थांबले आणि त्यांनी अब्बांना बाहेर बोलावलं. "रसूल, लेकीचं तोंड असं बाजारात मांडत्यात व्हय? उतरीव ते."

अब्बांना मोठ्यांपुढं बोलायची सवय नव्हती. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "आवं, आजवर लोकांच्या लेकी मांडल्या तवा कोन काय बोललं न्हाई," ते म्हणाले. "दुकान माझं हाय, लेक माझी हाय. आन् फोटो तिनं काढलाय डांबरातनं. तो मला कसा उतरवाय येईल?" ते बुजुर्ग आमच्या दुकानात पुन्हा आले नाहीत. लग्नाचे फोटो काढून घेणारेही काही दिवस कमी झाले. समोरचा सायकलवाला एकदा म्हणाला, रसूलभाईंचा हात गेला. अब्बांनी ऐकलं आणि ऐकून शोकेसची काच पुसली.

मग ढालगावकडची एक बाई आली, मुलीला घेऊन. बाई तरातरा आत येऊन स्टुलावर बसली. "लगनाचा फोटू काढायचाय, भाई. लय नाव ऐकलंय तुमचं. पोरगी जरा उनात रापलीया, तेवढी गोरी करा." मुलगी आत आलीच नव्हती. ती बाहेर काचेला नाक लावून उभी होती. बाईनं दोन हाका मारल्या तेव्हा दारात आली, आणि आईला म्हणाली, "आये, असला काढायचा. ही मदली हाय तिच्यावानी."

"आगं, ती काळी हाय की."

"म्हून तर," मुलगी म्हणाली.

बाई अब्बांकडं बघायला लागली. अब्बा कॅमेऱ्याजवळ उभे होते. त्यांनी लेन्सवरचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, आणि मग बाजूला झाले. मी पडद्यापाशी दिवे सरकवत होते, तेवढं माझं काम असायचं.

"बाई, तुमी बसा, च्या घ्या," ते म्हणाले. "मेहरून, हे गिऱ्हाईक तुझं हाय."